घुबड आणि मुंगूस

उंदीर हा शेतकऱ्याचा वैरी होय. त्याचे दोन शिकारी आपल्या गावांत असतात: गव्हाणी घुबड व मुंगूस. मुंगूस दिसले की लोक शुभ मानितात; घुबड ओरडले की दगड मारितात. हा न्याय कितपत खरा, हे आम्ही आज पुढे मांडितो.

मुंगूस पिलांस दूध पाजते, बिळात राहते व दिवसा फिरते. उंदीर, साप, किडे, अंडी, कोंबडीची पिले, जे सापडेल ते खाते. घुबड अंडी घालते, पडक्या भिंतींत अथवा ढोलीत राहते व रात्री निघते. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्यामुळे उडताना आवाज होत नाही; आणि गडद अंधारातही नुसती खसखस ऐकून ते भक्ष्य धरिते. त्याचे मुख्य अन्न उंदीरच. हाडे व केस यांची गोळी ते ओकून टाकिते. ती फोडून पाहिली असता खात्री पटेल.

सन १८७२ मध्ये जमेका बेटात उसाचे मळे राखण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेली. प्रथम उंदीर घटले. परंतु उंदीर रात्रीचा, मुंगूस दिवसाचे. पुढे मुंगसांनी तेथील पक्षी व सरडे यांचाच फडशा पाडिला. मलेशियात मात्र तेलताडाच्या मळ्यांत घुबडांकरिता पेट्या बसवितात.

यास्तव आमचे सांगणे इतकेच: मुंगसास राहू द्यावे, पण घुबडास हाकलू नये. विष खाल्लेला उंदीर गिळून घुबडही मरते, म्हणून विष जपून वापरावे. सन १९७२ च्या कायद्याने दोघांसही संरक्षण आहे. ज्यास आपण अशुभ म्हणतो, तोच रात्री आपल्या कणगीची राखण करितो.