बांधणीला घाई चालत नाही

पोरी, सुट्टीत शर्ट रंगवायचे म्हणतेस, तर रंग आणायला बेळगावला जाण्याआधी कापड बघ. शर्टाच्या आतल्या बाजूने कापडातला एक धागा ओढून पेटव. कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली, की सुती. वितळून कडक गोळी झाली, की त्यात पॉलिएस्टर आहे, आणि त्यावर सुती कापडाचे रंग फिकेच बसतात. शिवणीचा दोरा मात्र जाळून बघू नकोस, तो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचाच असतो. म्हणून तर शर्ट रंगवल्यावरही शिवण पांढरी राहते. नवा शर्ट असेल तर गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ काढ. खळ राहिली, तर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्याच धुण्यात निघून जातो.

दुकानात थंड पाण्यातले प्रोसियन रंग माग. हे रंग 1956 साली बाजारात आले आणि सुती कापड घरी रंगवणं सोपं झालं, कारण ते उकळावं लागत नाही. रंग धाग्याला पक्का धरतो तो धुण्याच्या सोड्यामुळे. खायचा सोडा चालत नाही. लिटरभर पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम सोडा विरघळव, शर्ट त्यात पंधरा-वीस मिनिटं भिजव आणि घट्ट पीळ. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घे. ॲल्युमिनियम सोड्याने खराब होतं. आणि रंगाला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही. हातात मोजे घाल आणि पूड विरघळवताना नाक-तोंड बांध. ही पूड छातीत गेली, तर दमा उठतो.

आता बांधण्याचं. खरं कसब इथेच आहे, म्हणून यालाच सगळ्यात जास्त वेळ दे. शर्ट ओलसर असावा, पाणी ठिबकू नये. छातीच्या मधोमध चिमटीने कापड धरून गोल फिरव, पसरट चकती झाली की तीन रबर एकमेकांना छेदून लाव. त्याने सहा फाका पडतात. ठिपके हवे असतील, तर हरभरा किंवा मूग कापडात धरून मुळाशी दोऱ्याचे वेढे दे, पुन्हा पुन्हा, बोटांना रग लागेपर्यंत. दोरा सैल राहिला की रंग आत शिरतो आणि ठिपका पुसट होतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रांतही अशी ठिपक्यांची वस्त्रं दिसतात. इतकी जुनी ही कला आहे आणि तिचा सगळा भार त्या दोऱ्याच्या ओढीवर आहे. तिरप्या घड्या घालून बांधलंस, तर लहरी उठतात. शर्टाला त्या फार शोभतात.

रंग थोडेच घे. पिवळा-निळा शेजारी ठेवलास तर मध्ये हिरवा येईल, लाल-हिरवा शेजारी आले तर चिखल. चमचाभर रंग पाव लिटर पाण्याला पुरे. सोडा आधीच शर्टात आहे, तो रंगात घालू नकोस. सोडा मिसळलेला रंग काही तासांतच निकामी होतो. दोन रंगांची बांधणी करायची, तर आधी फिका रंग दे, मग पुन्हा बांधून गडद.

आता आपल्या लोंढ्याच्या हवेची गोष्ट. रंगवलेला शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओलाच ठेवायचा असतो, एक रात्र तरी. कोरड्या मुलखात त्यासाठी युरिया घालतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा, की त्याची गरज नाही. मात्र पावसाळ्यात आणि थंडीत गारवा असतो आणि गार हवेत रंग हळू धरतो, म्हणून पूर्ण दिवस ठेव, चुलीजवळच्या उबेत.

नंतर सोडू नकोस लगेच! बांधलेलाच शर्ट थंड पाण्यात धू. पाणी बरंचसं स्वच्छ होईल तेव्हा गाठी सोड, मग गरम पाण्यात साबणाने धू आणि सावलीत वाळव. ते धुणवणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नकोस.

हळदीने रंगवायचा मोह होईल. रंग देखणा येतो, पण उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल पडतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार. त्यापेक्षा आपल्या जंगलातला हिरडा बरा. हिरड्याच्या पाण्यात शर्ट भिजवून, वाळवून, मग गंजके खिळे गूळपाण्यात पंधरा-वीस दिवस मुरवलेलं पाणी दिलंस, तर करडा-काळा रंग धरतो. हे मात्र सावकाशीचं काम आहे.

पहिला शर्ट कुणाला भेट देऊ नकोस. स्वतः घाल, तीन-चार वेळा धू, आणि रंग टिकला तरच दुसऱ्यासाठी कर.