बारा व्होल्टची बॅटरी आणि पासष्ट व्होल्टचा धक्का

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ज्या एंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्याच्या नियंत्रकपेटीत ६५ व्होल्टच्या आसपास विद्युत् दाब तयार करून ठेवलेला असतो. बॅटरी बाराची असता हे पासष्ट आले कोठून, आणि त्यांची गरज तरी काय?

इंजेक्टर म्हणजे इंधनाची झडप. तिच्यातील वेटोळ्यातून प्रवाह गेला की विद्युत् चुंबक तयार होतो, तो पोलादी सुई उचलतो आणि बारीक छिद्रांतून पेट्रोल फवारले जाते. प्रवाह थांबला की स्प्रिंग सुईला पुन्हा खाली बसवते. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींवरही इंजेक्टर सर्रास दिसू लागले. ते सहसा सिलिंडराकडे हवा नेणाऱ्या नळीत फवारणी करतात. तेथे इंधनाचा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट त्याला पुरतात. थेट सिलिंडरात फवारायचे तर हा दाब वातावरणाच्या शंभर ते साडेतीनशे पट लागतो. त्याच्या विरुद्ध सुई उचलायची तर चुंबक जोरकस हवा, म्हणजे प्रवाह मोठा हवा. आणि तो ताबडतोब हवा.

ताबडतोब म्हणजे किती? एंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात आणि दट्ट्या वरून खाली येण्यास ५. एंजिन संथ चालत असते तेव्हा तर झडप एखादा मिलिसेकंदच उघडी राहते. तिला उघडण्यास एकदशांश मिलिसेकंद उशीर झाला, तरी इंधनाच्या मापात दहा टक्क्यांच्या आसपास घट येईल आणि एंजिन अडखळू लागेल.

येथे वेटोळ्याचा स्वभाव आडवा येतो. वेटोळ्यातील प्रवाह बदलू लागला की ते त्या बदलाला विरोध करते. हा स्वयंप्रवर्तनाचा गुण जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या एककाला म्हणूनच ‘हेन्री’ म्हणतात. भरलेली हातगाडी ढकलताना ती लगेच वेग घेत नाही, तसेच हे. प्रवाह किती वेगाने वाढेल हे काढण्यासाठी विद्युत् दाबाला स्वयंप्रवर्तनाने भागायचे.

हिशेबासाठी एक इंजेक्टर घेऊ. त्याचा रोध १.५ ओहम, स्वयंप्रवर्तन २ मिलिहेन्री, आणि सुई उचलण्यास हवेत १० अँपियर. बॅटरी थेट जोडली तर प्रवाह सेकंदाला ६,००० अँपियर या वेगाने वाढू लागेल. रोध नाही असे मानले तरी १० अँपियरला १.६७ मिलिसेकंद लागतील. आणि रोध तर आहे! ओहमच्या नियमाने १२ भागिले १.५ म्हणजे ८. प्रवाह दहावर कधी पोहोचणारच नाही. आता ६५ व्होल्ट लावा. वेग सेकंदाला ३२,५०० अँपियर; रोध धरूनही सुमारे ०.३५ मिलिसेकंदात काम होते.

गंमत अशी की, हे ६५ व्होल्ट मिळवून देते तेही एक वेटोळेच. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा चोक आठवा. स्टार्टर प्रवाह तोडतो, चोक त्या तोडण्याला विरोध करतो, आणि क्षणभर घरगुती २३० व्होल्टपेक्षा कितीतरी मोठा दाब निर्माण होऊन नळी पेटते. नियंत्रकपेटीत स्टार्टरचे काम ट्रान्झिस्टर करतो. तो सुरू असताना बॅटरीचा प्रवाह पेटीतील वेटोळ्यातून वाढत जातो. तो बंद झाला की वेटोळे आपला दाब वाढवून तो प्रवाह डायोडमधून धारित्रात ढकलते. डायोडमुळे तो परत फिरत नाही. सेकंदाला हजारो वेळा असे घडले की धारित्राचा दाब चढत जातो.

पण तो चढतच राहिला तर धारित्र फुटेल, आणि कमी पडला तर झडप उशिरा उघडेल. आपले धारित्र २२० मायक्रोफॅरडचे धरा. ६५ व्होल्टवर त्यात सुमारे ०.४६५ जूल ऊर्जा असते. एका वेळी सुई उचलण्यास किमान ०.१ जूल जाते आणि दाब ५८ व्होल्टच्या खाली येतो. चार सिलिंडरांच्या एंजिनात ६,००० फेऱ्यांना पुढची फवारणी ५ मिलिसेकंदांतच येऊन ठेपते. तेवढ्यात भरपाई झाली नाही तर पुढच्या सिलिंडराला कमी इंधन मिळेल. म्हणून दाबावर सतत नजर ठेवावी लागते. २५ हजार व १ हजार ओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले की लहान रोधकावर एकूण दाबाचा सव्विसावा भाग, म्हणजे ६५ ला २.५ व्होल्ट, मिळतो. त्याची तुलना एका स्थिर २.५ व्होल्टशी करायची. कमी भरला की ट्रान्झिस्टर चालू, पुरा झाला की बंद. (एंजिन बंद केल्यावरही धारित्रात भार उरलेला असू शकतो, तेव्हा कुतूहलापोटी अशी पेटी उघडू नका.)

प्रवाहावरही पहारा हवा. १० अँपियर झाले तरी ६५ व्होल्ट तसेच जोडलेले राहिले, तर प्रवाह वेटोळे जाळण्याच्या मार्गाला लागेल. प्रवाह मोजण्यासाठी त्याच्या वाटेत अगदी छोटा रोधक ठेवतात, समजा १० मिलिओहमचा. १० अँपियरला त्यावर ०.१ व्होल्ट मिळतो. विवर्धकाने तो वीसपट केला की २ व्होल्ट. रोधक दसपट मोठा घेतला तर विवर्धकाचे काम सोपे होईल, पण त्यात १ वॉटऐवजी १० वॉट उष्णता निघेल. दुसरी अडचण डाखाची. डाखाचा व तांब्याच्या पट्टीचा १ मिलिओहम जरी मोजणीत शिरला, तरी चूक दहा टक्के! त्यासाठी लॉर्ड केल्व्हिनच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती वापरतात: मोठा प्रवाह आपल्या वाटेने जातो, आणि मोजणीच्या दोन वेगळ्या तारा थेट रोधकाच्या टोकांपासूनच काढतात. त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यांच्या स्वतःच्या रोधाने काही बिघडत नाही.

१० अँपियर भरताच ६५ व्होल्ट तोडतात. सुई वर गेल्याने चुंबकापुढची फट कमी झालेली असते, तेव्हा तिला धरून ठेवण्यास २.५ अँपियर पुरतात. ते बॅटरीच देते, मात्र सतत नव्हे. प्रवाह २.७ वर गेला की तोडायचा, २.३ वर आला की जोडायचा. बॅटरी सतत जोडली असती तर ८ अँपियरने वेटोळ्यात ९६ वॉट उष्णता झाली असती, २.५ ला ती साडेनऊ वॉटच्याही आत राहते.

शेवटी झडप मिटायची. प्रवाह रेंगाळला तर सुईही रेंगाळेल. म्हणून वेटोळ्यातील उरलेला प्रवाह डायोडमधून त्याच ६५ व्होल्टच्या धारित्राकडे वळवतात. धारित्राचा दाब आता उलट दिशेने काम करून प्रवाहाला थोपवतो, आणि वेटोळ्यातील बरीचशी ऊर्जा धारित्राला परत मिळते. २.५ अँपियर शून्यावर येण्यास किती वेळ लागेल, आणि जास्तीत जास्त किती जूल परत मिळतील? रोध सोडून द्या आणि वर दिलेल्या आकड्यांवरून काढून पाहा.