मस्टँगची दुखणी आणि दुरुस्तीचं बिल

आपल्या होस्टेलमध्ये एक तरी रूम अशी असतेच, जिच्या भिंतीवर मस्टँगचं पोस्टर चिकटवलेलं असतं. 2000 साली आलेल्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' या सिनेमातली 'एलिनॉर' म्हणजे 1967 ची मस्टँगच. पण पोस्टरवरची गाडी पेट्रोल पीत नाही, गंजत नाही आणि बिलही देत नाही. खऱ्या गाडीचं तसं नसतं.

माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेत मिशिगनला नोकरी करतो. त्याने 1966 ची सहा सिलिंडरवाली मस्टँग घेतली. दुरुस्तीसाठी हाताशी पाच हजार डॉलर. दादाला आधी रंग आणि क्रोम हवं होतं. वहिनींचं म्हणणं, "पोरगी मागच्या सीटवर बसणार आहे, आधी ब्रेक बघा." मी मेकॅनिकलचा, म्हणून दोघांनी फोनवर मलाच पंच केलं. तेव्हा जे वाचलं आणि जी आकडेमोड केली, ती इथे मांडतो. किमती ढोबळ आहेत. मजुरी मी सोयीसाठी तासाला 100 डॉलर धरली आहे.

गाडीची कुंडली

फोर्डने मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आणली. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. महागाई धरली तर आजचे साधारण 24 हजार डॉलर. पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. एवढी स्वस्त कशी? कारण वरचा पत्रा नवा असला तरी खालचा बराचसा सांगाडा, इंजिन आणि सस्पेन्शन 'फाल्कन' या साध्या घरगुती गाडीचं होतं. जिथे जिथे पैसे वाचवले, तिथे तिथे आजच्या मालकाला खिशात हात घालावा लागतो. कसं ते एकेक करून बघू.

1. ब्रेक

1966 पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकेरी होता. म्हणजे एक टाकी, एक पिस्टन आणि चारही चाकांना एकच दाब. पास्कलचा नियम आपण फर्स्ट इयरलाच पाठ केलाय. दाब सगळीकडे सारखा पोचतो, तसाच एका ठिकाणी गळती झाली की सगळीकडचा जातो! एका चाकाचा रबरी होज फुटला की पेडल थेट तळाला. मग उरतो फक्त केबलवर चालणारा हँडब्रेक, तोही मागच्या दोन चाकांपुरता. 1967 च्या मॉडेलपासून फोर्डने पुढच्या-मागच्या चाकांची सर्किटं वेगळी केली.

शिवाय बहुतेक गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर ते तापले की पकड कमी होते. उपाय म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर, नवे होज आणि व्हील सिलिंडर (सगळे मिळून सुमारे 350 डॉलर) आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचं किट (सुमारे 750). मजुरी 12 तास धरली तर एकूण 2,300 डॉलर. किट मागवताना एक लक्षात ठेवा. सहा सिलिंडरच्या गाडीच्या चाकाला चार बोल्ट असतात, व्ही-8 ला पाच. इंजिन न सांगता किट मागवलं तर ते परत पाठवायची पाळी!

2. टाकी आणि पेट्रोल

मस्टँगची डिकी उघडली की खाली जो पत्रा दिसतो, तो म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण! टाकीचा वरचा भागच डिकीचा तळ म्हणून वापरलाय. डिकी आणि मागच्या सीटच्या मध्ये लोखंडी भिंत नाही, नुसता पुठ्ठा. मागून जोरात धडक बसून टाकी फाटली तर पेट्रोल थेट आत येऊ शकतं. वहिनींची काळजी रास्त होती ती अशी.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने कडक होतं, तडकतं आणि गळू लागतं. (आपल्याकडे 2025 मध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. तेव्हा बाबांची जुनी स्कूटर असेल तर तिचाही पेट्रोल पाइप एकदा चेक करा.) नवी टाकी, नवे होज आणि सीटमागे बसवायचा लोखंडी पत्रा मिळून सुमारे 500 डॉलर, मजुरी चार तास. एकूण 900.

शिसेमुक्त पेट्रोलचं काय? अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल 1996 पासून बंद आहे. जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचा आधार होता. पण गाडी जपून चालवली तर झीज सावकाश होते. म्हणून तेवढ्यासाठी इंजिन खोलू नये. हेड कधी उतरवलंच, तर त्याच वेळी कडक सीट बसवून घ्याव्यात.

3. इग्निशन

इथे आपली जुन्या स्कूटरची ओळख कामी येते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये सीबी पॉइंट, फट साधारण अर्धा मिलिमीटर. कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की फट कमी होते, टायमिंग मागे पडतं आणि गाडी ओढेनाशी होते. फीलर गेज आणि एक स्क्रू ड्रायव्हर असला की पुरे. कटकट नकोच असेल तर त्याच डिस्ट्रिब्यूटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सुमारे 120 डॉलरला मिळतं. हे दादाने घरीच बसवलं.

4. काउल

हे खरं दुखणं, आणि ते दिसत नाही. समोरच्या काचेखाली, बोनेटच्या मागे जाळी असते. तिच्याखाली हवा आत घ्यायची एक पोकळी, दोन पत्रे स्पॉट वेल्ड करून बनवलेली. पावसाचं पाणी तिथे जातं, पानं अडकतात, पत्रा आतून गंजतो आणि पाणी पायाशी ठिबकू लागतं. मग खालचा पत्राही सडतो.

तपासणी फुकट आहे. जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आत पायाशी हात फिरवा. दादाचा हात ओला झाला!

नवे पत्रे सुमारे 400 डॉलरचे. पण तिथपर्यंत पोचायला पुढची काच, बोनेट, दोन्ही मडगार्ड काढायचे, स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने उडवायचे आणि पुन्हा वेल्डिंग करायचं. 40 तास धरले तरी मजुरी 4,000 डॉलर. म्हणजे पार्ट स्वस्त, पण पार्टपर्यंतची वाट महाग. जुन्या गाडीच्या बिलाचं सगळं गणित या एका ओळीत आहे.

हिशोब

ब्रेक 2,300, टाकी 900, मॉड्यूल 120. त्यात चार टायर 500, कारण जुने टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने कडक होतात. बेरीज 3,820. उरले 1,180. त्यात काउल होत नाही. मग रंग तरी? नाही! काउलच्या वेल्डिंगच्या वेळी आजूबाजूचा रंग जळणार, मडगार्ड निघणार. आज रंग दिला तर तो दोनदा द्यावा लागेल. म्हणून उरलेले पैसे काउलसाठी बाजूला ठेवायचे आणि तोवर गाडी पावसात काढायची नाही. दादा दोन दिवस फुगून बसला होता, पण शेवटी त्याने हेच केलं. वहिनी खूश.

तात्पर्य, क्रम असा ठेवा: आधी थांबणं, मग आग, मग गंज, आणि सर्वांत शेवटी शोभा. हा क्रम मस्टँगला लागू आहे, तसाच सेकंड हँड बाइकलाही. आणि मशीन डिझाइनच्या सबमिशनला ड्रॉइंग काढताना स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा. हा पार्ट खराब झाला, तर तो काढायला पाना आत जाईल का? व्हायवाला कोणी विचारणार नाही, पण साठ वर्षांनी कोणीतरी मेकॅनिक नक्की विचारेल.