मनोऱ्याच्या पायथ्याशी, समुद्रगायीच्या कुरणात

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वर पाहतो, तिथल्या भिंतीवर 1803 साली सरफोजी महाराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास वाचायचा प्रयत्न करतो, सरस्वती महालात डोकावतो आणि परततो. याच जिल्ह्याला समुद्र आहे हे त्याच्या गावीही नसतं. एक दिवस वाढवा आणि पट्टुकोट्टईची बस धरा.

रस्ता ओरतनाडूवरून जातो. तिथे उतरायला वेळ असेल तर मुक्तांबाळ छत्र बघा. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी सरफोजींनी बांधलेली ही धर्मशाळा. पट्टुकोट्टईला बस बदलायची आणि नारळीच्या बागांतून मल्लिपट्टिणम गाठायचं. 2018 च्या नोव्हेंबरात गजा वादळाने या बागा झोपवल्या होत्या. किनाऱ्यावर उभा आहे मनोरा: आठ मजल्यांची षट्कोनी इमारत, भोवती तट. तंजावरपासून साधारण 65 किलोमीटर. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून 1814-15 च्या सुमारास सरफोजींनी ती उभारली. इंग्रजांच्या विजयाचा आनंद मराठा राजाने तमिळ किनाऱ्यावर साजरा करावा, याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी मनोऱ्यापेक्षा त्याच्यासमोरचं पाणी अधिक ओढतं.

ही पाल्कची खाडी. स्कूबाचं सामान घेऊन येऊ नका. सरासरी खोली जेमतेम नऊ-दहा मीटर, तळाला गाळ, आणि पाणी बहुधा गढूळ. इथली श्रीमंती प्रवाळाची नाही, गवताची आहे. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, बी धरतं. वादळानंतर किनाऱ्यावर त्याच्या तपकिरी पात्यांचे ढीग लागतात, त्यातलं एक हातात घेऊन बघा. या कुरणावर हिरवी कासवं चरतात, कोळंबी-खेकड्यांची पिल्लं लपतात आणि समुद्रगाय जगते.

डुगाँग, तमिळमध्ये कडल पसु. तीन मीटरपर्यंत लांब, चारशे किलोच्या घरात वजन, आणि दिवसाला तीस-चाळीस किलो गवताचा फडशा. काही मिनिटांनी श्वास घ्यायला वर येते, तेवढ्यात नाकपुड्या दिसल्या तर दिसल्या. कित्येक वर्षांनी एखादं पिल्लू, त्यामुळे जाळ्यात अडकून एक मेली तरी तूट भरून निघत नाही. तिच्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांच्या समुद्रातलं 448 चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव केलं. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय सोडून देणाऱ्या मच्छीमारांना वनखात्याने बक्षिसंही दिली आहेत. जवळच्या वेलिवयल गावात ओमकार फाउंडेशन काम करतं. बांबूच्या चौकटींना काथ्याने गवताची रोपं बांधून ती तळाशी लावतात, म्हणजे आपल्याकडची भातलावणीच, फक्त पाण्याखाली.

कुणी पैसे घेऊन समुद्रगाय दाखवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. नावेच्या पंख्याने गवतही कापलं जातं आणि जनावरही. सुकवलेला समुद्रघोडा किंवा समुद्रकाकडी कुणी विकायला आणली तरी हात लावू नका. दोन्ही वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यापेक्षा सकाळी बंदरावर बसा. यांत्रिक ट्रॉलर आठवड्यातले तीन दिवस समुद्रात जातात, उरलेले दिवस नाट्टु पडगु, म्हणजे छोट्या देशी होड्यांचे. होडीवाल्याला ‘अण्णा’ म्हणून हाक मारली की मोडक्यातोडक्या तमिळवरही गप्पा होतात.

पाण्यात उतरायची हौस असेल तर दक्षिणेला, तोंडीजवळच्या कारंगाडूला जा. गावकरी आणि वनखातं मिळून तिथे कांदळवनात कयाक आणि स्नॉर्कलिंग चालवतात. खरं प्रवाळ आणखी पुढे, पांबन ओलांडल्यावर मन्नारच्या आखातात आहे. रामेश्वर ते तुतुकुडीच्या पट्ट्यात 21 बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान 1986 मध्ये झालं. चुन्यासाठी प्रवाळ इतकं खणलं गेलं की त्यातली दोन बेटं पाण्याखाली गेली. बेटांवर उतरायला निर्बंध आहेत, तेव्हा वनखात्याकडे विचारूनच बेत आखा.

कधी जावं? जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला मुख्य पावसाळा, वादळंही तेव्हाच. आपल्या जून-जुलैच्या हिशेबाने आलात तर फसाल. 15 एप्रिल ते 14 जून ट्रॉलरना मासेमारीबंदी असते. त्या काळात बाजारात मासळी कमी आणि महाग, पण होडीवाल्यांची ताजी मिळते. टोपी आणि पाणी हवंच, मनोऱ्याभोवती सावली नाही. परतीच्या बसची वेळ मात्र पट्टुकोट्टईच्या स्टँडवर सकाळीच विचारून ठेवा.