‘मुलं मस्करी करतात’ म्हणून शाळेला सुटता येत नाही

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहावीत, सरकारी शाळेत. डब्यातली मेथीची भाजी पाहून मुलं नाक दाबतात, ‘तुमच्या देशात परत जा’ म्हणतात. बाई म्हणतात, मस्करी आहे. काय करावं?

उत्तर : ही मस्करी नव्हे. केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळेत वंश, वर्ण किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे. असा छळ कळल्यावर तो थांबवणं आणि पुन्हा होऊ न देणं, ही शाळेची जबाबदारी. तोंडी सांगून भागणार नाही. आजच मुख्याध्यापकांना ई-मेल करा : तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार चौकशी शाळेच्या एका दिवसात सुरू आणि लेखी नोंदीपासून शाळेच्या दहा दिवसांत पूर्ण व्हायला हवी. मुलीलाच वेगळं बसवण्याचा तोडगा मात्र मुळीच मान्य करू नका. शिक्षा तिला का? तरीही शाळा ढिम्म राहिली, तर केंद्रीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जा. वकील लागत नाही, शुल्क नाही. तक्रार घटनेपासून १८० दिवसांच्या आत करावी लागते.