दाढ चांगली, तरी जबडा का ठणकतो?

कानाजवळ महिनोन्‌महिने ठणकतं, चावताना जबडा भरून येतो, पण दाढ किडलेली नसते. दुखणं चावण्याच्या स्नायूंचं असतं. फार दिवस दुखलं की मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणाच हळवी होते. अशा बऱ्याच जणांना हातावर दाब दिला तरी इतरांपेक्षा लवकर दुखतं, हे तपासण्यांत दिसलंय. हा त्रास बायकांत जास्त. तेव्हा ‘नाटक करते’ म्हणू नका. चांगली दाढही उपटून घेऊ नका. काही आठवडे दातांनी ऊस सोलणं बंद, भाकरी कालवणात कुस्करा, कोमट फडक्यानं शेका. गुटखा-मावा खाणाऱ्याच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावेनात, तर दुखणं वेगळं. त्यातून कर्करोगही होऊ शकतो. बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा.