लेंकरांसाठीं लेख करून ठेवा

शेतकरी पावसाळ्यापूर्वीं घर शाकारतो, म्हणून तो पावसास भितो असें कोणी म्हणत नाहीं. परंतु मृत्युपत्राची गोष्ट काढली कीं पुष्कळ आईबाप तें बोलणेंच अशुभ मानितात. लेख केल्यानें मरण जवळ येत नाहीं. न केल्यानें मात्र लेंकरांचे हाल होण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करितां वारला, तर त्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग विधवेस व दोन तृतीयांश मुलांस जातो. त्यांत मुलगा व मुलगी यांचा वांटा सारखा असतो, मग मुलगी सासरीं गेलेली असो. कायदा वांटे सांगतो. पण लहान मुलें कोणाच्या घरीं वाढावीं, हें तो आधीं ठरवून ठेवीत नाहीं. आईबाप दोघेंही गेलीं, तर पालक कोण याचा निकाल १८९० च्या पालक कायद्याप्रमाणें न्यायालयाकडे जाऊं शकतो. मग चुलता एकीकडे ओढतो, मामा दुसरीकडे, आणि लेंकरूं मध्यें उभें राहतें. हें टाळावें म्हणून १९२५ च्या कायद्यानें बापास मृत्युपत्रांत अज्ञान मुलांचा पालक नेमण्याचा अधिकार दिला आहे. ज्यास नेमावयाचें त्याची संमति मात्र आधीं घ्यावी.

लेखाची रीत अवघड नाहीं. मुद्रांक लागत नाहीं. साधा कागद चालतो. करणारानें दोघां साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा, व त्या दोघांनीं त्याच्यासमक्ष सह्या कराव्या. ज्यास लेखानें कांहीं मिळावयाचें आहे त्यास, अथवा त्याच्या पत्नीस किंवा पतीस, साक्षीदार करूं नये. केल्यास त्यास दिलेलें दान रद्द होतें. नोंदणी सक्तीची नाहीं. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत ती केल्यास पुढील वाद कमी होतात.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बँकेच्या खात्यास नॉमिनी म्हणून ज्याचें नांव लाविलें, तो तेवढ्यानें पैशाचा मालक होत नाहीं; वारसांचा हक्क कायम राहतो. दुसरें, मृत्युपत्रानंतर करणाराचें लग्न झालें, तर तें मृत्युपत्र रद्द होतें. यास्तव विधुर बापानें किंवा विधवा आईनें पुन्हां लग्न केल्यास, पहिल्या लेंकरांकरितां नवा लेख विनाविलंब करावा.

कागद कोठें ठेविला आहे, हें एका विश्वासू माणसास सांगून ठेवावें. लेंकरांवर आपली प्रीति आहे असें आपण नित्य म्हणतों. ती दोघां साक्षीदारांसमोर लिहूनही ठेवूं या.